अमेरिकेतील राजकारणी, न्यायाधीश आणि त्यांच्या फ्रॅटर्निटी

तळटीप (धागाकर्ता)

अमेरिकेतील राष्ट्राध्यक्ष, सिनेटर किंवा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांची चरित्रे वाचताना शिक्षणाच्या प्रकरणात एक वाक्य हमखास भेटते: महाविद्यालयात असताना ते अमुक फ्रॅटर्निटीचे सदस्य होते. आपल्यापैकी बरेच जण ते वाचून पुढे जातात. आपल्याकडे वसतिगृहे आहेत, गॅदरिंग आहे, विद्यार्थी संघटना आहेत. पण ग्रीक अक्षरांचे नाव घेतलेले, वेगळ्या घरात एकत्र राहणारे, नवा सदस्य कोण असावा हे बंद दाराआड मतदान करून ठरवणारे आणि एकदा आत घेतलेल्याला जन्मभर आपला मानणारे मंडळ आपल्या महाविद्यालयांत नाही. त्या एका वाक्यामागे काय असते आणि सत्तेशी व न्यायदानाशी त्याचा खरोखर किती संबंध पोहोचतो, यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात १७७६ पासून करावी लागेल. त्या वर्षी ५ डिसेंबरला व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे विल्यम अँड मेरी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी फाय बीटा कॅपा स्थापन केली. आज ती गुणवंत विद्यार्थ्यांचा सन्मान करणारी संस्था म्हणून ओळखली जाते. तेव्हा मात्र ती शपथ, खुणा आणि गुप्तता पाळणारी मंडळी होती. जॉर्ज विथ यांची कायद्यावरील व्याख्याने ऐकण्यासाठी १७८० साली तिथे आलेला जॉन मार्शल हा तरुण सैनिकी अधिकारी या मंडळात दाखल झाला. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा पुतण्या बुशरॉड वॉशिंग्टन हाही त्यातलाच. पुढे हे दोघे सर्वोच्च न्यायालयात जवळजवळ तीन दशके शेजारी बसले, आणि १८०१ ते १८३५ या काळात सरन्यायाधीश असलेल्या मार्शल यांनीच त्या न्यायालयाला आजचे वजन मिळवून दिले.

आज ज्यांना फ्रॅटर्निटी म्हणतात त्यांचा साचा मात्र न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथील युनियन कॉलेजात तयार झाला. कॅपा अल्फा सोसायटी १८२५ साली, सिग्मा फाय आणि डेल्टा फाय १८२७ साली, साय अप्सिलॉन १८३३ साली, अशी एकामागून एक मंडळे तिथे निघाली. चेस्टर आर्थर हे युनियनमधल्या साय अप्सिलॉनचे. त्याच साय अप्सिलॉनच्या येल येथील शाखेत विल्यम हॉवर्ड टॅफ्ट होते. राष्ट्राध्यक्ष आणि सरन्यायाधीश ही दोन्ही पदे भूषवणारे अमेरिकेच्या इतिहासातील ते एकमेव गृहस्थ. येलमधील 'स्कल अँड बोन्स' या गुप्त मंडळाचेही ते सदस्य होते, आणि १८३२ साली ते मंडळ काढणाऱ्या दोघांपैकी एक होते त्यांचे वडील अल्फोन्सो टॅफ्ट. याच मंडळातून सरन्यायाधीश मॉरिसन वेट आले, न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट आले, आणि २००४ सालच्या निवडणुकीत समोरासमोर उभे राहिलेले जॉर्ज बुश व जॉन केरी हे दोघेही आले.

या गुप्ततेला महाविद्यालयातूनच विरोधही झाला होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स महाविद्यालयात १८३४ साली गुप्त मंडळांच्या विरोधात एक संघटना निघाली आणि तिचीच पुढे डेल्टा अप्सिलॉन झाली. जेम्स गारफिल्ड हे तिथले सदस्य. चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनीही हीच फ्रॅटर्निटी निवडली आणि पुढे तिच्या अध्यक्षपदाचा पहिला मान त्यांना मिळाला. १९१६ साली न्यायाधीशपद सोडून ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांचे प्रतिस्पर्धी होते व्हर्जिनिया विद्यापीठातील फाय कॅपा सायचे वुड्रो विल्सन. ह्यूज हरले, पण १९३० साली टॅफ्ट यांच्यानंतर सरन्यायाधीश झाले.

विल्सन यांचे उदाहरण अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. प्रिन्स्टनचे अध्यक्ष असताना तिथल्या श्रीमंत 'ईटिंग क्लब'नी विद्यार्थ्यांत जी उच्चनीचता आणली होती ती मोडण्यासाठी, १९०७ साली, सर्व वर्गांतील विद्यार्थ्यांनी एकत्र राहावे आणि एकत्र जेवावे अशी योजना त्यांनी मांडली. माजी विद्यार्थ्यांनी एवढा गहजब केला, की विश्वस्तांनी ती मागे घेतली. स्वतः एका फ्रॅटर्निटीतून आलेला, पुढे राष्ट्राध्यक्ष होणारा माणूस विद्यापीठाच्या अध्यक्षपदी असूनही एका जेवणाच्या क्लबाला हात लावू शकला नाही. या मंडळांचे खरे बळ त्यांच्या माजी सदस्यांत असते, ते असे.

तरीही अशा याद्यांवरून 'फ्रॅटर्निटी सत्ताधारी घडवते' असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. एकोणिसाव्या शतकात महाविद्यालयात पोहोचणारेच मुळात मूठभर, बहुतेक सुखवस्तू गोरे पुरुष होते, आणि फ्रॅटर्निटीने त्यांच्यातूनच आपली माणसे निवडली. त्यामुळे आत कोण होते यापेक्षा दारातून कोणाला परत पाठवले गेले आणि त्यांनी पुढे काय केले, या प्रश्नातून अमेरिकेचा इतिहास अधिक नीट उलगडतो, असे माझे मत आहे. जाणकारांनी भर घालावी.

आडवाट

उत्तम धागा. शेवटच्या मुद्द्याला बळ देणारी दोन नावे लगेच आठवली.

पहिले रिचर्ड निक्सन. कॅलिफोर्नियातील व्हिटियर या छोट्या क्वेकर महाविद्यालयात ते १९३० साली दाखल झाले. तिथे राष्ट्रीय फ्रॅटर्निटी नव्हत्या, पण 'फ्रँकलिन्स' नावाचे प्रतिष्ठितांचे एक मंडळ होते. किराणा दुकानदाराच्या या मुलाला तिथे जागा नव्हती. निक्सन यांनी काही मित्रांबरोबर 'ऑर्थोगोनियन' नावाचे दुसरे मंडळ उभे केले, ज्यात नोकरी करून शिकणारी आणि फुटबॉल खेळणारी मुले होती, आणि ते त्याचे पहिले अध्यक्ष झाले. महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी फ्रँकलिन्स टक्सिडो घालून छायाचित्र काढून घेत; ऑर्थोगोनियन मुले उघड्या गळ्याच्या शर्टात उभी राहत. साधी मुले संख्येने जास्त असतात हा हिशेब निक्सन यांनी तिथे शिकून घेतला आणि त्याच बळावर ते विद्यार्थी मंडळाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या पुढच्या सगळ्या राजकारणात हा हिशेब दिसतो.

दुसरे लिंडन जॉन्सन. टेक्सासमधील सॅन मार्कोसच्या शिक्षक महाविद्यालयात 'ब्लॅक स्टार्स' नावाचे खेळाडूंचे मंडळ वर्चस्व गाजवत होते (नावाचा वंशाशी काही संबंध नव्हता). त्यात प्रवेश न मिळालेल्यांनी 'व्हाइट स्टार्स' हा गट बांधला, आणि त्या गटाच्या महाविद्यालयीन निवडणुकांतील डावपेचांत जॉन्सन यांचा मोठा हात होता. याच जॉन्सन यांनी १९६७ साली थर्गुड मार्शल यांना सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश म्हणून नेमले.

शमीपत्र

आडवाट यांनी मार्शल यांचे नाव घेतलेच आहे, तर तिथूनच पुढे जाते.

कॉर्नेल विद्यापीठात ४ डिसेंबर १९०६ रोजी अल्फा फाय अल्फा स्थापन झाली. गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटीची दारे बंद होती, राहायला जागा मिळण्याचीही अडचण होती, आणि मूठभर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एकमेकांच्या आधाराने शिक्षण पुरे करायचे होते. तिथून हॉवर्ड आणि इंडियाना विद्यापीठांत इतर मंडळे निघाली आणि आज ज्यांना 'डिव्हाइन नाइन' म्हणतात त्या नऊ संघटना उभ्या राहिल्या. गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटीत आणि यांच्यात एक मोठा फरक आहे. इथे पदवीनंतर सदस्यत्व थंडावत नाही. शहराशहरांत पदवीधरांच्या शाखा असतात, त्या नियमित भरतात, शिष्यवृत्त्या देतात, मतदार नोंदणी करतात आणि खटलेही लढवतात.

खटल्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण फ्रॅटर्निटी आणि न्यायव्यवस्था यांचा सर्वांत सुंदर संबंध मला इथे दिसतो. थर्गुड मार्शल मूळचे बाल्टिमोरचे. घराजवळच्या मेरिलँड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, म्हणून ते वॉशिंग्टनला, हॉवर्ड विद्यापीठात, कायदा शिकले. लिंकन विद्यापीठात असल्यापासून ते अल्फा फाय अल्फाचे सदस्य होते. १९३५ साली अँम्हर्स्टचा पदवीधर डोनाल्ड गेन्स मरी याला त्याच मेरिलँडने वंशामुळे नाकारले. त्याचा खटला उभा करण्यासाठी पहिले पाऊल उचलले ते अल्फा फाय अल्फाने आणि तिचे सदस्य असलेले वकील बेल्फर्ड लॉसन यांनी. न्यायालयात मार्शल आणि त्यांचे गुरू चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन उभे राहिले, तेही अल्फाचेच. १९३५ साली बाल्टिमोरच्या न्यायालयात मरी जिंकला आणि १९३६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. पुढे १९५० साली रेल्वेच्या भोजनयानातील वंशभेदाविरुद्धचा हेंडरसन खटला लॉसन यांनी थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात लढवला, तोही याच फ्रॅटर्निटीच्या पाठबळावर. बंधुभावाची शपथ घेतलेल्या तरुणांनी वर्गणी काढून राज्यघटनेचा अर्थ बदलून घेतला, याहून मोठे काम कुठल्या मंडळाने केले असेल असे मला वाटत नाही.

स्त्रियांचेही असेच. हॉवर्डमध्ये १९०८ साली अल्फा कॅपा अल्फा आणि १९१३ साली डेल्टा सिग्मा थीटा या सोरॉरिटी स्थापन झाल्या. डेल्टाच्या संस्थापक मुलींनी पहिले सार्वजनिक पाऊल टाकले ते ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या स्त्रियांच्या मताधिकार मोर्चात. विल्सन यांचा शपथविधी दुसऱ्या दिवशी होता. शर्ली चिझम आणि बार्बरा जॉर्डन या दोघीही पुढे याच डेल्टातून काँग्रेसमध्ये गेल्या. कमला हॅरिस हॉवर्डमध्ये शिकताना अल्फा कॅपा अल्फाच्या सदस्य झाल्या. जुलै २०२४ मध्ये बायडेन यांनी माघार घेतल्यानंतर काही दिवसांतच त्या इंडियानापोलिसला झीटा फाय बीटाच्या अधिवेशनात बोलल्या. ती त्यांची स्वतःची सोरॉरिटी नव्हती, तरी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी पुढे आल्यावर इतक्या लवकर त्या व्यासपीठावर जाण्याचे महत्त्व तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होते.

ज्यू विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी नाही. रूथ बेडर गिन्सबर्ग कॉर्नेलमध्ये अल्फा एप्सिलॉन फाय या सोरॉरिटीत होत्या. ती १९०९ साली बर्नार्ड महाविद्यालयातील ज्यू विद्यार्थिनींनी स्थापन केली होती.

आपल्याशी खरा संबंध सांगायचा तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबियाला गेले तेव्हाचा काळ हाच. हार्टली हॉलमध्ये काही दिवस काढल्यावर ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहायला गेले, कारण तिथे भारतीय विद्यार्थी होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना यांच्यासोबत राहिले. देशोदेशीच्या विद्यार्थ्यांना सामावून घेणारे कॉस्मोपॉलिटन क्लब त्या काळी अनेक अमेरिकी विद्यापीठांत निघाले होते. ग्रीक अक्षरांच्या घरांच्या शेजारीच हे दुसरे जग नांदत होते.

जर्सीकर

शमीपत्र, तुमचा प्रतिसाद मनापासून आवडला; पण या चर्चेत एक मोठी बाजू राहून जात आहे आणि ती मांडल्याशिवाय राहवत नाही. आमच्यासारख्या इथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले आता महाविद्यालयात जात आहेत आणि 'रश' नावाचा प्रकार आमच्या घरात शिरला आहे.

पहिल्या काही आठवड्यांत मुले एका घरातून दुसऱ्या घरात जातात, हस्तांदोलन करतात, गप्पा मारतात. कोण बोलके आहे, कोणाचे कपडे नीट आहेत, कोणाचा काका जुना सदस्य आहे, हे सगळे आतले सदस्य हेरत असतात. मग रात्री बैठक होते. पूर्वी लाकडी पेटीत पांढऱ्या आणि काळ्या गोट्या टाकून मतदान होई, आणि अनेक ठिकाणी एक काळी गोटी निघाली तरी उमेदवार बाद ठरे. नाकारलेल्याला कारण सांगायचे बंधन तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. अठरा वर्षांच्या मुलांना हा अधिकार हाताळायची सवय लागते आणि त्यांतलेच काही पुढे न्यायासनावर बसतात, याचा विचार व्हायला हवा.

निवड झाल्यावर उमेदवारीचा काळ सुरू होतो आणि तिथे रॅगिंग चालते. मुले मेली आहेत. पेनसिल्व्हेनियात २०१७ साली एका विद्यार्थ्याला दारू पाजून जिन्यावरून पडल्यावर तासन्‌तास तसेच ठेवले गेले आणि तो गेला. पुढच्या वर्षी त्या राज्याला कडक कायदा करावा लागला. सिग्मा अल्फा एप्सिलॉनने तर मृत्यूंच्या मालिकेनंतर २०१४ साली उमेदवारीचा काळच बंद केला. तरी २०१५ साली तिच्या ओक्लाहोमा येथील मुलांचे बसमधील वंशद्वेषी गाणे बाहेर आले आणि विद्यापीठाचे अध्यक्ष, माजी सिनेटर डेव्हिड बोरेन, यांनी ती शाखा तत्काळ बंद केली. येलमधील डेल्टा कॅपा एप्सिलॉन, म्हणजे दोन्ही बुश आणि न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हना ज्या शाखेतून आले ती, २०१० सालच्या स्त्रियांविरुद्धच्या घोषणांमुळे पाच वर्षांसाठी विद्यापीठातून निलंबित झाली. आणि ज्यांचा आपण एवढा गौरव केला त्या थर्गुड मार्शल यांनाही लिंकनमध्ये नव्या विद्यार्थ्यांना छळल्याबद्दल निलंबित केले गेले होते. ते थोर झाले. म्हणून तो छळ क्षम्य ठरत नाही.

भारतीय वंशाच्या मुलांच्या स्वतःच्या फ्रॅटर्निटी १९९० च्या दशकात निघाल्या. टेक्सास विद्यापीठात १९९८ साली डेल्टा एप्सिलॉन साय, पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात (यूसीएलए) बीटा ची थीटा. आपल्या मुलांना त्यांत आधार मिळतो हे मी नाकारत नाही. पण बाहेर ठेवले गेलेल्यांनी आपले मंडळ काढले, की छळाची परंपराही सोबत येते, हे पालकांनी डोळे उघडे ठेवून पाहावे.

तळटीप

जर्सीकर, तुमचा आक्षेप पूर्णपणे मान्य आहे आणि मूळ लेखात तो असायला हवा होता. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी 'स्टॉप कॅम्पस हेझिंग' कायद्यावर सही केली. त्यानुसार रॅगिंगच्या घटना वार्षिक सुरक्षा अहवालात नोंदवणे आणि दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती जाहीर करणे महाविद्यालयांना बंधनकारक झाले आहे. तुमच्या ओळखीच्या पालकांनी रशच्या आधी तो अहवाल जरूर वाचावा.

मार्शल यांच्या विषयाला जोडून एक गोष्ट सांगतो. केंटकीतील सेंटर महाविद्यालयाच्या फाय डेल्टा थीटाचे सदस्य फ्रेड व्हिन्सन हे १९४६ ते १९५३ या काळात सरन्यायाधीश होते. त्यांच्या मृत्यूनंतर या शाखेतल्या मुलांनी त्यांचे तैलचित्र फुटबॉलच्या सामन्यांना घेऊन जाण्याची प्रथा सुरू केली. ते चित्र आजही 'डेड फ्रेड' या नावाने प्रेक्षकांत बसवले जाते. २००० साली उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची वादचर्चा त्या महाविद्यालयात झाली, तेव्हा तिथेही ते नेले होते. मुलांच्या या मायेत मला काही वावगे वाटत नाही. पण शाळांतील वंशभेदाविरुद्ध थर्गुड मार्शल यांनी लढवलेला ब्राउन खटला व्हिन्सन यांच्यासमोर एकदा ऐकला गेला होता आणि न्यायालय एकमत होऊ शकत नव्हते. सप्टेंबर १९५३ मध्ये व्हिन्सन वारले, अर्ल वॉरन त्यांच्या जागी आले, आणि १७ मे १९५४ रोजी शाळांतील वंशभेद एकमताने घटनाबाह्य ठरला. वॉरन हेही बर्कलीतील एका विद्यार्थी मंडळाचे सदस्य होते. ते मंडळ पुढे सिग्मा फायची शाखा झाले. व्हिन्सन आणि वॉरन दोघेही अशाच घरांत वाढलेले, तरी एकाच खटल्याकडे पाहण्याची त्यांची रीत वेगळी होती. म्हणून न्यायाधीशाची फ्रॅटर्निटी पाहून त्याच्या निकालाचा अंदाज बांधता येत नाही, असे मी म्हणतो. वंशानुसार वेगळे ठेवणे वैध ठरवणाऱ्या १८९६ च्या प्लेसी खटल्यात एकट्याने विरोधी मत लिहिणारे जॉन मार्शल हार्लन हेही त्याच सेंटर महाविद्यालयाचे, बीटा थीटा पायचे.

न्यायवेध

वकिलीच्या व्यवसायात असल्यामुळे कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

मिसिसिपी राज्याने १९१२ साली सरकारी विद्यापीठांत फ्रॅटर्निटींवर कायद्याने बंदी घातली. कॅपा सिग्माच्या एका सदस्याला या बंदीमुळे विद्यापीठात कायदा शिकता येईना, म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. वॉ विरुद्ध विश्वस्त मंडळ या १९१५ सालच्या निकालात न्यायमूर्ती मॅकेना यांनी बंदी वैध ठरवली. विद्यापीठाची शिस्त कशी असावी हे ठरवण्याचा अधिकार राज्याचा आहे, असे त्यांनी म्हटले. डेल्टा अप्सिलॉनचे ह्यूज तेव्हा त्याच न्यायालयावर होते. पुढे १९२६ साली मिसिसिपीने ती बंदी उठवली.

त्याच मिसिसिपी विद्यापीठातील सिग्मा न्यूचे सदस्य ट्रेंट लॉट पुढे सिनेटमधील बहुमताचे नेते झाले. डिसेंबर २००२ मध्ये, एकेकाळी वंशभेदाचे उघड समर्थन करणारे सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांच्या गौरवाच्या भाषणामुळे ते अडचणीत आले, तेव्हा विद्यार्थिदशेत त्यांनी आपल्या राष्ट्रीय फ्रॅटर्निटीत कृष्णवर्णीयांना प्रवेश देण्याला विरोध केला होता, हेही छापून आले. त्यांना नेतेपद सोडावे लागले. २०१५ साली फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी यांच्या राष्ट्रीय महासंघांनी लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींच्या चौकशीबाबत विद्यापीठांचे हात बांधणाऱ्या विधेयकासाठी वॉशिंग्टनमध्ये प्रयत्न केले, तेव्हा त्यांच्या वतीने काम करणाऱ्यांत हेच लॉट होते. टीका वाढल्यावर महासंघांनी पाठिंबा काढून घेतला. फ्रॅटर्निटीचा राजकीय प्रभाव पाहायचा असेल तर गुप्त शपथांपेक्षा अशी उघड कामे पाहावीत.

शिक्षणात लिंगभेद नसावा म्हणून १९७२ साली 'टायटल नाइन' आणणारे सिनेटर बर्च बे हे पर्ड्यू विद्यापीठातील अल्फा टाऊ ओमेगाचे. दोनच वर्षांनी, १९७४ साली, सामाजिक फ्रॅटर्निटी व सोरॉरिटी यांच्या सदस्यत्वाच्या नियमांना त्या कायद्यातून वगळणारी दुरुस्ती झाली आणि तिलाही त्यांचेच नाव आहे. ती दुरुस्ती योग्य होती की नाही यावर मतभेद आहेत; माझ्या मते तिच्यामुळे निवडीच्या पद्धतीवर प्रश्न विचारण्याची संधी विद्यापीठांनी पुष्कळ काळ गमावली.

शमीपत्र

न्यायवेध, एक विचारायचे होते. भेदभाव करणाऱ्या मंडळाचे सदस्यत्व न्यायाधीशाने चालू ठेवावे की नाही, याबद्दल तिथे काही नियम आहे का?

न्यायवेध

आहे. संघीय न्यायाधीशांच्या आचारसंहितेत स्पष्ट म्हटले आहे, की वंश, लिंग, धर्म किंवा राष्ट्रीय मूळ यांवरून अन्याय्य भेदभाव करणाऱ्या संस्थेचे सदस्यत्व न्यायाधीशाने ठेवू नये. मात्र भेदभाव अन्याय्य आहे की नाही हे ठरवणे बऱ्याचदा गुंतागुंतीचे असते, हेही तिथल्या टिप्पणीत मान्य केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःसाठी लिखित संहिता स्वीकारली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये.

हा प्रश्न किती अवघड आहे ते हार्वर्डच्या प्रकरणात दिसले. केवळ पुरुषांच्या किंवा केवळ स्त्रियांच्या मंडळात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना नेतेपदे आणि काही शिष्यवृत्त्यांच्या शिफारशी नाकारायच्या, असे धोरण हार्वर्डने २०१६ साली जाहीर केले. काही फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी २०१८ साली न्यायालयात गेल्या. सदस्याच्या लिंगावरून त्याला शिक्षा करणे हाच लिंगभेद आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तो खटला चालू असतानाच १५ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बोस्टॉक निकाल दिला, ज्याने समलिंगी आणि पारलिंगी कर्मचाऱ्यांना नोकरीतील लिंगभेदाविरुद्धच्या कायद्याचे संरक्षण मिळाले. त्या निकालातील तर्क आपल्या धोरणाला टिकू देणार नाही हे ओळखून हार्वर्डने त्याच महिन्यात धोरण मागे घेतले. बोस्टॉक निकाल लिहिला होता न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी, आणि ते कोलंबियातील फाय गॅमा डेल्टाचे सदस्य होते.